चाळीस दिवसांच्या अंतरावरचं कामरगाव

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत एक हिरवी साडी होती, पोटाच्या गोळ्यांची दोन पाकिटं होती आणि एकशे चार प्रश्नांची यादी होती. गोळ्या संपल्या. यादीतले अकराच प्रश्न विचारून झाले. साडी जिच्यासाठी घेतली होती तिला ती देता आली नाही. हे सगळं लिहायला मला तीन महिने लागले, कारण लिहायला बसलं की मी उठून भांडी घासायला जात होते.

मी मानसशास्त्र शिकवते आणि स्वतःला शहाणी समजते, म्हणजे समजत होते. गेल्या वर्षी आमच्या गटानं एक अभ्यास हाती घेतला. समजा, माणसाचं म्हातारपण थांबवता आलं आणि मरणही टाळता आलं. अशी न मरणारी माणसं यानात बसून दुसऱ्या ताऱ्याकडे निघाली, चारशे-पाचशे वर्षांच्या वाटेला. तर त्यांच्या मनाचं काय होईल? माझी बहीण म्हणाली, आधी सिंहगड रस्त्यावरून मनासकट घरी पोचायचं कसं त्याचा अभ्यास करा. पण आम्ही गंभीर होतो. शहराबाहेर एक रिकामं गोदाम घेतलं, खिडक्या बुजवल्या आणि आठ जणांना चौदा महिन्यांसाठी आत बंद केलं. घड्याळ नाही, कॅलेंडर नाही, वाढदिवस नाहीत. आपण कधीच मरणार नाही असं धरून जगायचं, एवढंच काम.

घरच्यांचा निरोप आठवड्यातून एकदा, तोही नुसता आवाज. आणि तो आला तसा लगेच ऐकवायचा नाही. यान जसं लांब जाईल तसा निरोप पोचायला उशीर होणार, म्हणून आधी एक दिवस, मग आठवडा, मग तीन आठवडे अडवून ठेवायचा. आतून बाहेर जाणाऱ्या निरोपालाही तोच नियम. ही कल्पना माझी. माझं म्हणणं असं होतं की न मरणाऱ्या माणसाचं खरं दुखणं कंटाळा नाही. मागे राहिलेली माणसं मरत राहतात आणि ह्याला ते ऐकत बसावं लागतं, हे आहे. मग घरचे आवाज हळूहळू लांब नेले तर मन आपोआप सुटत जाईल, दुःख एकदम अंगावर येणार नाही. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि मी महिनाभर हवेत होते.

दहाव्या महिन्यात आठही घरांना भेटी द्यायचं ठरलं. नोव्हेंबर संपत आला होता आणि अंतर चाळीस दिवसांवर गेलं होतं. वाशिम जिल्हा मी मागून घेतला. आत हवा-पाण्याची यंत्रं सांभाळणारा मिलिंद तिथला, कामरगावचा. त्याची आई सुमनबाई दर रविवारी निरोप पाठवायची. नियमाप्रमाणे आलेला प्रत्येक निरोप आधी मी ऐकायची. "हं, ऐकून राह्यला का बापा?" अशी तिची सुरुवात. मग गोठ्यातली खबर, भावकीतली भांडणं, कोणाच्या तुरीला फुलं आली आणि कोणाच्या गळाली. त्या बाईवर माझा जीव जडला होता. इतर सात घरचे निरोप मी कामाचे म्हणून ऐकायची, हिचा मात्र चहा घेऊन बसायची.

कारंजा लाड, शुक्रवार

मूर्तिजापूरला गाडीतून उतरून एस.टी.नं कारंज्याला पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि जीपला अवकाश होता. बाजारात कापसाचे टेम्पो एकामागे एक उभे होते. रस्त्यावर, झाडांवर, चहावाल्याच्या केसांत, सगळीकडे कापूस चिकटलेला. जुन्या गल्लीत एक जैन मंदिर पाहिलं. आतलं लाकडी कोरीवकाम पाहिलं, आणि चपला घालून निघतानाही मान वरच ठेवल्यानं बाहेरची पायरी चुकली आणि चपलेचा अंगठा तुटला. बाहेर चपलेला टाके घालणाऱ्या गृहस्थांनी दहा मिनिटांत माझं शिक्षण, नवरा, मुलं आणि पोटाचा त्रास काढून घेतला. पुण्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये वीस वर्षं राहूनही एवढं कोणी विचारत नाही. मी उगाचच खूश झाले.

जीपमध्ये शेजारी टोपली घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांनीही चौकशी सुरू केली. कामरगावात कोणाच्या घरी? मी सांगितलं, दौलतरावांकडे, त्यांच्या सुमनबाईंना भेटायला.

"सुमनबाईले?" त्या म्हणाल्या आणि टोपलीवरचं फडकं नीट करत बसल्या. मग बाहेर बघत राहिल्या, त्या थेट कामरगाव येईपर्यंत. मला वाटलं, हे बाकी अगदी पुण्यासारखं झालं. माणसांच्या बोलण्यात काय दडलंय हे ओळखण्याचा मला पगार मिळतो, हे इथं नोंदवून ठेवते.

दौलतराव स्टँडवर घ्यायला आले होते. एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते, आता निवृत्त, तीन एकर शेती बघतात. उंच, सावळे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. "जय भीम," म्हणाले आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

"सुमनताई?" मी विचारलं.

"ते मानोऱ्याले गेली भावाकडे. येईन उद्या-परवा."

मी जरा हिरमुसले, पण दोन दिवस हातात होते. घर नीटनेटकं होतं, पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी एक रिकामा खिळा. साडी मी काढून दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, पाहिली आणि म्हणाले, "ठिवतो," आणि आत नेऊन कपाटात ठेवली.

स्वयंपाक त्यांनीच केला. ज्वारीची जाड भाकर, वांग्याचं भरीत, आणि मिरचीचा ठेचा, जो खाऊन माझी पहिली गोळी खर्ची पडली. पुरुषमाणसाला इतकी गोल भाकर थापताना पाहून मी कौतुक केलं. "शिकलो दोन-तीन महिन्यांत," ते म्हणाले. मी तेही कौतुकानं वहीत लिहिलं. माझ्या नवऱ्याला तीस वर्षांत जमलं नाही, असंही त्याखाली लिहिलं.

जेवण झाल्यावर मी यादी काढली. तुम्हाला कधीच मरण येणार नाही असं उद्या कळलं, तर तुम्ही काय कराल? हा प्रश्न आमच्या गटानं आधीच्या सातही घरी विचारला होता. कोणी म्हणालं जग फिरू, कोणी म्हणालं सतार शिकू. दौलतरावांनी हात पुसत विचारलं, "एकट्याले, का साऱ्याले?"

मी म्हटलं, समजा तुम्हाला एकट्यालाच.

"मंग नाही पायजे," ते म्हणाले आणि ताटं उचलायला उठले.

शनिवार, कापसात

सकाळी त्यांच्याबरोबर शेतावर गेले. रस्त्याच्या एका बाजूला तूर पिवळी झालेली, दुसऱ्या बाजूला कापूस फुटलेला आणि वेचणीला बायका लागलेल्या. कमरेला बांधलेल्या कापडात दोन्ही हातांनी भराभर कापूस भरत त्या पुढे सरकत होत्या. मीही दोन बोंडं वेचायला गेले तर बोटात काटा घुसला. बायका हसल्या. मीही हसले. ऊन छान होतं आणि मला इथं आल्याचा आनंद झाला होता, तो शेवटचाच.

पलीकडच्या ओळीतून आवाज आला. कोणीतरी कोणाला तरी म्हणत होतं, "हं, ऐकून राह्यली का व?"

दहा महिने मी तो आवाज कानाला यंत्र लावून ऐकला होता. हजारात ओळखला असता. मी ओळी तुडवत तिकडे गेले. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, डोक्याला फडकं बांधलेली बाई. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "सुमनताई. तुम्ही इथे, आणि हे मला सांगतात मानोऱ्याला गेल्या."

सगळ्या बायकांचे हात थांबले. दौलतराव बांधावरून आले आणि म्हणाले, "मॅडम, घरी चला."

"घरी काहून?" ती बाई म्हणाली. "इथीच सांगतो. मी वच्छला. सुमनची लहान बहीन. सुमन मेली, बाई. पोळ्याच्या आधी मेली. चुलीपाशी बसल्या बसल्या गेली."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "असं कसं, मागच्या रविवारी निरोप आलाय."

"तो मीच धाडला. चौदा धाडले."

मी तिथंच बसले, कापसाच्या झाडांत. वच्छलाबाईही बसल्या. बायका थोड्या लांब जाऊन पुन्हा वेचायला लागल्या. कोणी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, त्यावरून कळलं की हे गावाला ठाऊक आहे, फक्त मला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. सुमनबाई गेल्या तेव्हा दौलतरावांनी ठरवलं की पोराला कळवायचं नाही. लहानपणापासून दोघी बहिणींचा आवाज सारखा, माहेरी आई फसायची. रविवार आला आणि दौलतराव फोन घेऊन वच्छलाबाईंच्या घरी गेले. "म्हने, एक डाव बोल. मंग म्हने आनखी एक डाव. सुमन गेल्यावरच्या जलदानाच्या दिवशी मानसं जेवून राह्यली होती, अन् मी आतल्या खोलीत दार लावून पोराले सांगून राह्यली होती की मी मस्त आहो."

"आणि मला कळलंच नाही," मी म्हटलं.

"सारं जमे. हासनं तेवढं जमत नोतं तिचं. ते कशी हासे, पोटातून. मी हासली की माहं मलेच खोटं वाटे. म्हनून मी हासाच्या जागी खोकलत होती."

तो खोकला मला माहीत होता. ऑगस्टअखेर मी वहीत लिहिलं होतं: आईला सर्दी असावी. मिलिंदनंही तो ऐकला होता. माय, तुहा खोकला काहून जाऊन नाही राह्यला, डॉक्टरले दाखव, असं तो तेव्हापासून दर निरोपात म्हणत होता. आपण मरणार नाही असं धरून बसलेला मुलगा आईच्या खोकल्याची काळजी करतोय, हे मी नातं शाबूत असल्याचा पुरावा म्हणून तांबड्या शाईनं अधोरेखित केलं होतं. ती आई तेव्हा नव्हतीच.

"मले थकाले झालं, मॅडम," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, हिशेबानं बोलत होत्या. "माही बहीन मेली अन् मी अजून रडली नाही. रडन कशी? रविवारी पुन्हा तिले जित्ती करा लागते. मेलेल्या मानसाले मरू तं द्याव ना."

एवढी वर्षं मी मरण नसलेल्या मनावर पुस्तकं वाचली, दोन लेखही लिहिले. कोणाला तरी जिवंत ठेवायचं म्हणजे कोणीतरी रोज राबायचं, हे त्यातल्या एकाही पानावर नव्हतं. ते कापसात बसून एका वेचणीवालीनं सांगितलं.

घरी आल्यावर मी दौलतरावांवर चिडले. खरं तर मी स्वतःवर चिडले होते, पण समोर ते होते. मला का नाही कळवलं? एक फोन करायचा.

ते खुर्चीवर ताठ बसून होते. म्हणाले, "आलो होतो जी. पुण्याले. ते गेल्याच्या पाचव्या दिवशी. तुमच्या गेटपाशी उभा राह्यलो. वॉचमनले म्हटलं, मिलिंदचा बाप आहो, पोराले भेटाचं आहे. त्यानं आत फोन लावला. मंग चहा आनून देल्ला अन् म्हने, नियम नाही. भिंत समोरच होती. आत पोरगं होतं. मी वापस आलो."

मला तो दिवस आठवला. दुपारची बैठक चालू होती. फाटकावरून फोन आला, एका मुलाचे वडील न कळवता आलेत. मी म्हटलं होतं, चहा पाजा आणि समजावून परत पाठवा. का आलेत हे मी विचारलं नव्हतं. फोन ठेवून मी सगळ्यांना सांगितलं होतं की बघा, घरच्यांचीच सुटका आधी व्हायला पाहिजे.

मी दौलतरावांना सांगितलं की तो फोन माझ्याकडे आला होता. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाले, "मले वाटलं, तुमच्या नियमात मायचं मरन बसत नाही. मंग आमी म्हटलं, नाही बसत तं नाही सांगत. कामात फसलं आहे पोरगं, मोठं काम आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मिलिंदला कधी सांगायचं, हा एवढाच प्रश्न आता उरला होता. आत अजून चार महिने होते. वच्छलाबाईंना तेवढे रविवार झेपणार नव्हते, आणि त्यांनी का झेपवावेत?

रविवार

सकाळी विहारात वंदनेला गेले. मला कोणी काही विचारलं नाही, एका मुलीनं बसायला सतरंजी पुढे केली. कोणी गेलं की आमच्याकडे तेरा दिवस धावपळ असते, भटजी, याद्या, कोणाला काय वाढायचं. त्या गडबडीला मी नेहमी नावं ठेवली आहेत. त्या दिवशी वाटलं, निदान माणूस गेलं एवढं तरी त्यात घरातल्या सगळ्यांना ऐकू येतं. दौलतरावांच्या घरात ते एकाला ऐकू जायचं राहिलं होतं.

परत आले तेव्हा वच्छलाबाई आल्या होत्या, धुतलेलं पातळ नेसून. त्यांनी माझ्यासाठी पाटवडी, तिकडची पातोडी, केली होती, रश्श्यात बुडवलेली. "पोटाचं पाहून तिखट कमी घातलं," म्हणाल्या. तरीही एक गोळी लागलीच.

मी त्यांना म्हटलं, आज तुम्ही खरं बोला. मी स्वतः नेते.

"त्याले कवा ऐकू जाईन?" त्यांनी विचारलं. "ते चाळीस दिवसाचं आहे ना तुमचं?"

"नाही," मी म्हटलं. "मी उद्या पोचते. उद्याच ऐकवते. माझा शब्द."

त्यांनी दौलतरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग फोन समोर ठेवून त्या मांडी घालून बसल्या, आणि सवयीनं "हं, ऐकून राह्यला का" एवढं म्हणून थांबल्या. तेवढं बोललेलं पुसून मी पुन्हा सुरू केलं. त्या म्हणाल्या:

"मिलिंदा, मी वच्छलामावशी. तुही माय पोळ्याच्या आधी गेली. तिले तरास नाही झाला. मी तिच्या नावानं बोलत होती बापा, तुह्या बाबांनी म्हटलं म्हनून, अन् मलेही वाटलं म्हनून. पातोडी कशी कराची हे मी निरोपात सांगतलं, ते माह्या पद्धतीचं होतं, तुही माय त्यात ओवा घाले. खोकला तिले नोता. खोकला माहाच होता, खोटा. तू खोकल्याची काळजी नको करू. जेवत जा."

बस्स, इतकंच. मी बटण दाबलं. वच्छलाबाई उठल्या, मोरीपाशी गेल्या, तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच भिंतीला डोकं टेकून रडायला लागल्या. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या दोघी धावत आल्या आणि त्यांच्याबरोबर बसल्या. दौलतरावांनी पेटीतून सुमनबाईंची तसबीर काढली, कपड्यानं पुसली आणि त्या रिकाम्या खिळ्याला लावली. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. फोटोत त्या हसत होत्या आणि बहिणीसारख्या अजिबात दिसत नव्हत्या.

जीपपाशी वच्छलाबाई सोडायला आल्या. डोळे सुजलेले, पण चालणं मोकळं झालं होतं. "पोराले एकटा नका ठिवू, ऐकवाल तवा," म्हणाल्या. "कोनी तरी जवळ बसजा."

मी म्हटलं, मीच बसेन.

पुणे

सोमवारी सकाळी मी गोदामात पोचले आणि गटातल्या सगळ्यांना बोलावलं. सांगितलं, निरोप ऐकवला. मग एकजण म्हणाला, फार वाईट झालं, पण खऱ्या यानात काय झालं असतं? चाळीस दिवसच लागले असते. दुसरी म्हणाली, आता मध्येच तोडलं तर दहा महिने पाण्यात, आणि त्याला काय, आईचं आज काय नि चाळीस दिवसांनी काय. मी भांडले. किती? दहा मिनिटं असेन. एक वाक्य माझ्या तोंडाशी होतं: मी शब्द दिलाय. ते मी म्हटलं नाही. कोणी माझे हात धरले नव्हते. आतल्या खोलीची किल्ली माझ्याचकडे असते. तरी तो निरोप मी मिलिंदला ऐकवला नाही.

कारण सांगते, कारण तेच सांगायला हे लिहायला घेतलंय. मला बघायचं होतं. माझ्या कल्पनेचं पुढे काय होतं ते मला बघायचं होतं. दुःख खरंच पातळ होऊन पोचतं का, याची उत्सुकता होती. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

बुधवारी वच्छलाबाईंचा फोन आला.

"ऐकवलं?"

मी म्हटलं, "हो."

"रडला का?"

"रडला."

"मंग जेवला?"

"जेवला. थोडा वरण-भात जेवला. मी जवळ बसले होते."

इतकं सहज आलं तोंडातून. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला. म्हणाल्या, आता त्याचे निरोप येतील ते अजून मायच्याच नावानं येतील ना, आधीचे धाडलेले? मी म्हटलं, हो, ते वाटेतले आहेत. त्यांना ते लगेच समजलं. माझ्या गटातल्या दोघांना समजवायला आठवडा लागला होता.

त्या चाळीस दिवसांत मिलिंदनं आईला सहा निरोप बोलून पाठवले. सहाही मी ऐकले आणि कामरगावला पोचू दिले नाहीत. एकात तो म्हणाला, माय, मी बाहेर आल्यावर तुले दवाखान्यात नेतो, कोनाचं ऐकत नाही. एकात त्यानं तिला एक विनोद सांगितला आणि तिच्या हसण्यासाठी मध्ये थांबला. मी यंत्र कानावरून काढून ठेवलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावलं.

जानेवारीत दिवस भरले आणि त्याला मावशीचा निरोप ऐकवला. मी जवळ बसले नाही. नियमाप्रमाणे आत कोणी जात नाही. काचेतून पाहिलं. तो ऐकत उभा राहिला आणि मग पाण्याच्या यंत्राचं झाकण उघडून दिवसभर ते साफ करत बसला. तो रडला नाही आणि तीन दिवस जेवला नाही. दुःख पातळ होत नाही, हा निष्कर्ष. तो आम्ही अहवालात घातला आहे, दोन ओळी आहेत.

एप्रिलमध्ये सगळे बाहेर आले. मिलिंद माझ्या खोलीत आला, खुर्चीवर बसला नाही. त्यानं एकच विचारलं, मावशीनं ते कधी बोलून दिलं होतं? मी तारीख सांगितली. त्यानं बोटांवर मोजलं आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, कामरगावहून. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी तयार होते, मला त्या हव्याही होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "मावशी साऱ्याइले सांगून राह्यली, की मी त्याच दिवशी रडलो, मंग वरन-भात जेवलो. मले विचारलं तिनं, मी हो म्हटलं. तिच्या डोक्यावरून एवढं मोठं ओझं उतरलं, आता ते पुन्हा कशाले चढवाव? बाबालेही नाही सांगतलं. पन मॅडम, आता हे मले रोज सांभाळा लागते. तिनं चौदा रविवार सांभाळलं. माह्या रविवारचा आकडा नाही."

मी माफी मागितली. तो म्हणाला, त्याचं काय करू. लिहिलं तर चालेल का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, नावं बदला, मावशी वाचत नाही पन गाव वाचते. नावं बदलली आहेत.

परवा वच्छलाबाईंचाही फोन आला. सुमनबाईंच्या पुण्यस्मरणाचा कार्यक्रम मोठा करायचा आहे, पोरगंही घरी आहे, तर पोळ्याच्या आधी मी यायचंच असं त्यांचं म्हणणं होतं. मी पोटाचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी बिनतिखटाचं करू, पन या. मग आवाज थोडा हळू झाला.

"मॅडम, त्या दिवशी तुमी माह्या पोराजवळ बसल्या, त्याले जेवू घातलं. मी मरेपर्यंत नाही विसरत."

मी म्हटलं, "बरं."